हॉकिंग यांचं मोठेपण: किती कामाचं, किती प्रसिद्धीचं?

डोंबिवलीच्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगा बारावीला आहे. इंजिनीअरिंग सोडून भौतिकशास्त्र शिकायचं म्हणतो आणि स्टीफन हॉकिंग हे त्याचं दैवत आहे. क्लासच्या सरांनी त्याला सुनावलं की हॉकिंग यांना नोबेल मिळालेलं नाही, त्यांचं काहीही प्रयोगाने सिद्ध झालेलं नाही, चाकाची खुर्ची आणि ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ हे लाखोंनी खपलेलं पुस्तक नसतं तर त्यांना कुणी ओळखलंही नसतं. मुलगा हिरमुसला आहे. यात खरं किती? आणि अशी अचाट बुद्धी नसलेल्या मुलाने या वाटेला जावं का?

मी मुंबईत बरीच वर्षं एम.एस्सी.च्या वर्गाला व्यापक सापेक्षता, म्हणजे आइनस्टाईन यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, शिकवत आलो आहे. कृष्णविवरांचा भाग आला की हॉकिंग यांचं नाव घेतल्याशिवाय एक तासही पुढे सरकत नाही. तेव्हा सरळच सांगतो: हॉकिंग पहिल्या दर्जाचे भौतिकशास्त्रज्ञ होते आणि 1974 साली त्यांनी केलेलं एक गणित एवढं मोठं आहे की बाकी काही केलं नसतं तरी त्यांचं नाव राहिलं असतं. ‘आइनस्टाईननंतरचा सर्वांत बुद्धिमान माणूस’ हे बिरुद मात्र वर्तमानपत्रांनी दिलेलं आहे. 1999 साली ‘फिजिक्स वर्ल्ड’ या मासिकाने भौतिकशास्त्रज्ञांनाच आजवरच्या थोर भौतिकशास्त्रज्ञांची नावं विचारली होती. पहिल्या दहांत आइनस्टाईन, न्यूटन, मॅक्सवेल, बोर अशी मंडळी होती, हॉकिंग नव्हते. त्यांच्या समव्यावसायिकांना हे खटकलं नाही, मलाही खटकत नाही. त्या दहांत नसणं म्हणजे सामान्य असणं नव्हे.

मराठी वाचकाला या कथेत एक आपला माणूस भेटतो, म्हणून सुरुवात तिथून करतो. हॉकिंग 1962 साली केंब्रिजला आले ते नामवंत खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याकडे पीएच.डी. करायच्या इराद्याने. मार्गदर्शक मिळाले डेनिस शामा. हॉईल यांच्याकडे तेव्हा जयंत नारळीकर होते. हॉईल आणि नारळीकर मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडत होते. विश्वातल्या प्रत्येक कणाचं वस्तुमान हे बाकीच्या सगळ्या कणांच्या प्रभावातून येतं, अशी त्याची मूळ कल्पना. नारळीकरांच्या गणिताची कागदपत्रं हॉकिंग यांच्या पाहण्यात आली होती. जून 1964 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉईल यांनी हा सिद्धांत सादर केला. व्याख्यान संपल्यावर 22 वर्षांचे हॉकिंग काठीच्या आधाराने उभे राहिले आणि म्हणाले की तुम्ही ज्या गणिती राशीबद्दल बोलताय ती अनंत होते. हॉईल यांनी विचारलं, कशावरून? उत्तर आलं, मी गणित करून पाहिलंय.

मुद्दा खराच होता. त्या सिद्धांतात भूतकाळातून येणारे आणि भविष्यातून येणारे असे दोन्ही प्रभाव धरायचे असतात. प्रसरण पावणाऱ्या, महास्फोटातून निघालेल्या विश्वात भविष्याकडची बेरीज कुठेच थांबत नाही. हॉकिंग यांच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण याच टीकेचं आहे. 2017 साली केंब्रिजने तो प्रबंध सर्वांसाठी खुला केला तेव्हा वाचायला एवढी झुंबड उडाली की विद्यापीठाचं संकेतस्थळ कोलमडलं. नारळीकरांचं मोठेपण यामुळे उणावत नाही. एकाने गणित मांडायचं, दुसऱ्याने त्यातली फट दाखवायची, संशोधन असंच पुढे जातं. मला यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही वाटते की त्याच्या आदल्याच वर्षी डॉक्टरांनी एएलएस या स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आजाराचं निदान करून या मुलाला फार तर दोन-तीन वर्षं हातात आहेत असं सांगितलं होतं, आणि तो दुसऱ्यांची समीकरणं ओळीओळीने तपासत बसला होता.

त्याच प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अधिक महत्त्वाचं आहे. 1965 च्या जानेवारीत रॉजर पेनरोझ यांनी दाखवलं की तारा कोसळत एका मर्यादेपलीकडे गेला की सिंग्युलॅरिटी टळत नाही, म्हणजे अशी जागा जिथे सापेक्षतेची समीकरणंच हात टेकतात. हॉकिंग यांनी काळाची दिशा उलटी करून हाच युक्तिवाद अख्ख्या विश्वाला लावला: मागे मागे जात राहिलं तर विश्वाच्या सुरुवातीलाही तेच सापडतं. मग पाच वर्षं त्यांनी एकेक गृहीतक सैल करत नेलं आणि 1970 साली दोघांचं एकत्रित प्रमेय आलं. या सगळ्याच्या मुळाशी जे समीकरण आहे ते कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरी यांचं, 1955 सालचं. माझा विद्यार्थी पेनरोझ आणि हॉकिंग यांच्यापर्यंत रायचौधुरींवाचून पोचूच शकत नाही, आणि आपल्याकडच्या शाळकरी पुस्तकांत हे नाव का नसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणजे इथवरच्या श्रेयात हॉकिंग यांच्याबरोबर पेनरोझ आहेत, आणि पद्धत मूळची पेनरोझ यांची. 2020 साली पेनरोझ यांना नोबेल मिळालं. हॉकिंग 14 मार्च 2018 रोजी गेले होते आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत. ते हयात असते तर त्यांचं नाव त्यात असतं का, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण ‘नोबेल नाही म्हणजे काम नाही’ ही फूटपट्टी किती तोकडी आहे, एवढं तरी यावरून दिसावं.

आता ‘प्रयोगाने काहीच सिद्ध नाही’ या विधानाकडे येतो, कारण ते चूक आहे आणि चूक का आहे हे बारावीचा मुलगा स्वतः वहीत करून पाहू शकतो.

1971 साली हॉकिंग यांनी एक प्रमेय सिद्ध केलं. कृष्णविवराभोवती एक सीमा असते, तिच्या आत गेलेलं काहीही बाहेर येत नाही. तिला घटना क्षितिज म्हणतात. प्रमेय सांगतं की अणूंच्या पातळीवरचे क्वांटम नियम बाजूला ठेवले तर, कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, काहीही गिळलं, कशीही आदळली, तरी क्षितिजांचं एकूण क्षेत्रफळ कधी घटत नाही. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, पहिल्यांदा टिपल्या. 36 सूर्यांएवढं एक आणि 29 सूर्यांएवढं दुसरं अशी दोन कृष्णविवरं एकत्र आली होती आणि उरलं ते 62 सूर्यांएवढं. तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेलं होतं. वस्तुमान तर घटलं. क्षेत्रफळाचं काय? न फिरणाऱ्या कृष्णविवराचं क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. 36 चा वर्ग 1296, 29 चा वर्ग 841, बेरीज 2137. आणि 62 चा वर्ग 3844. शेवटचं कृष्णविवर वेगाने फिरत होतं, त्यामुळे प्रत्यक्षात क्षेत्रफळ थोडं कमी, साधारण 3350 भरतं, तरी ते 2137 च्या बरंच वर आहे.

हेच उलट बाजूनेही पाहता येतं. 2137 चं वर्गमूळ 46 च्या आसपास आहे. म्हणजे टक्कर कशीही झाली असती तरी 46 सूर्यांपेक्षा लहान कृष्णविवर उरू शकलं नसतं. 65 पैकी फार तर 19 सूर्यांएवढं वस्तुमान ऊर्जा होऊन उधळता येईल, त्याच्या पलीकडे निसर्ग परवानगीच देत नाही. ही मर्यादा 1971 साली एका माणसाने शुद्ध भूमितीच्या जोरावर काढली, तेव्हा कृष्णविवरं असतात की नाहीत याचीच खात्री नव्हती. 2021 साली त्या पहिल्या नोंदीचं खास याच दृष्टीने विश्लेषण झालं, टकरीच्या आधीचा भाग वेगळा, नंतरचा वेगळा, आणि सुमारे 95 टक्के खात्रीने प्रमेय टिकलं. जानेवारी 2025 मध्ये टिपलेल्या, कितीतरी स्वच्छ लहरींनी ती खात्री आणखी पुष्कळ वाढवली. अशीच एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. केंद्राने 2023 साली तिला मंजुरी दिली. हा मुलगा शिकून तयार होईल तेव्हा याच प्रमेयाची पुढची तपासणी मराठवाड्यात होत असेल.

आता 1974. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

क्षेत्रफळ कधी घटत नाही हे ऐकून प्रिन्स्टनमधल्या याकोब बेकेनस्टाईन या विद्यार्थ्याच्या मनात आलं की एन्ट्रॉपी, म्हणजे उष्णतेच्या शास्त्रातलं अव्यवस्थेचं माप, हीही अशीच कधी घटत नाही. मग कृष्णविवराचं क्षेत्रफळ हीच त्याची एन्ट्रॉपी का नसावी? हॉकिंग यांना हे मुळीच पटलं नाही. एन्ट्रॉपी असेल तर तापमान हवं, तापमान असेल तर प्रारण (तापलेल्या वस्तूतून निघणारी ऊर्जा) बाहेर पडायला हवं, आणि कृष्णविवरातून काही बाहेर पडत नाही. 1972 च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या लेझूशच्या वर्गात त्यांनी बार्डीन आणि कार्टर या सहकाऱ्यांबरोबर कृष्णविवरांचे चार नियम मांडले. ते उष्मागतिकीच्या नियमांशी हुबेहूब जुळत होते, तरी हे केवळ साम्य आहे, यापुढे जाऊ नका, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं.

1973 च्या सप्टेंबरमध्ये ते मॉस्कोला गेले. तिथे झेल्डोविच आणि स्टारोबिन्स्की या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी त्यांना सांगितलं की क्वांटम नियमांनुसार फिरणाऱ्या कृष्णविवराने कण बाहेर टाकले पाहिजेत. हॉकिंग यांना गणिताची पद्धत समाधानकारक वाटली नाही, म्हणून त्यांनी आपल्या पद्धतीने ते पुन्हा केलं. अपेक्षा अशी की न फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी उत्तर शून्य यावं. शून्य आलं नाही. कुठेतरी चुकलं असणार म्हणून त्यांनी ते पुन्हा पुन्हा तपासलं. प्रारण हटेना. आणि जे प्रारण येत होतं त्याचं स्वरूप तापलेल्या वस्तूच्या प्रारणासारखं तंतोतंत होतं. ज्या बेकेनस्टाईनवर ते चिडले होते, तो बरोबर ठरत होता, आणि तेही त्यांच्याच हातून.

लोकप्रिय पुस्तकांत याचं चित्र असं देतात की क्षितिजाजवळ कण-प्रतिकणाची जोडी जन्मते, एक आत पडतो, एक निसटतो. मुलाला सांगा की हे चित्र कामचलाऊ आहे, गणित तसं नाही. गणित असं आहे: ‘निर्वात’ म्हणजे काय हे लहरींची कंपनं कोणत्या घड्याळाने मोजता यावर ठरतं. तारा कोसळण्याआधी जे निर्वात होतं, त्यातली लहर कोसळणाऱ्या ताऱ्यातून, क्षितिज तयार होण्याच्या अगदी काठावरून निघून आपल्यापर्यंत येते तेव्हा ती कमालीची ताणलेली असते. हा ताण घातांकी गतीने वाढतो. सूर्याएवढ्या कृष्णविवरासाठी दर 20 मायक्रोसेकंदांना सुमारे 2.7 पट. इतकी ताणलेली लहर दूरच्या निरीक्षकाच्या घड्याळाने मोजली की जुनं निर्वात त्याला रिकामं दिसत नाही, कणांनी भरलेलं दिसतं. ताणाचा तो दर तापमान ठरवतो. एवढंच आहे, आणि हे पहिल्यांदा फळ्यावर पूर्ण मांडून होतं तेव्हा वर्गात दरवर्षी एक-दोन मुलं तरी जागची हलत नाहीत.

जे सूत्र येतं त्यात प्लँकचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग, न्यूटनचा गुरुत्वस्थिरांक आणि बोल्ट्झमनचा स्थिरांक, चौघे एकाच ओळीत आहेत. क्वांटम, सापेक्षता, गुरुत्वाकर्षण आणि उष्णता या चार वेगवेगळ्या विषयांचे हे चार स्थिरांक. त्याआधी त्यांना असं एकत्र बांधणारा, इतका साधा आणि इतका पक्का निष्कर्ष कुणाकडे नव्हता. वेस्टमिन्स्टर ॲबेत त्यांच्या स्मृतिशिलेवर हेच सूत्र कोरलेलं आहे. 1974 च्या फेब्रुवारीत त्यांनी हे इंग्लंडमधल्या एका परिषदेत सांगितलं तेव्हा अध्यक्षांनीच ते निकालात काढलं होतं. मार्चमध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. वर्ष-दोन वर्षांत इतरांनी वेगवेगळ्या वाटांनी तेच उत्तर काढलं.

मग नोबेल का नाही? सूत्रात आकडे घातले की कळतं. सूर्याएवढ्या कृष्णविवराचं तापमान येतं केल्विनच्या दहा कोटीव्या भागाच्या सहा पट. विश्वात सर्वत्र पसरलेलं महास्फोटाचं प्रारण 2.7 केल्विनचं आहे. म्हणजे असं कृष्णविवर जेवढं टाकतं त्याच्या कितीतरी पट शोषून घेतं, आणि त्याचं प्रारण टिपणं कोणत्याही दुर्बिणीच्या आवाक्यात नाही. वस्तुमान जितकं कमी तितकं तापमान जास्त, म्हणून पर्वताएवढं वस्तुमान प्रोटॉनएवढ्या जागेत दाबलेलं, विश्वाच्या सुरुवातीला बनलेलं एखादं आदिम कृष्णविवर आज फुटताना दिसलं असतं तर गोष्ट वेगळी होती. शोध अजून चालू आहे, सापडलेलं नाही. प्रयोगशाळेत अतिथंड वायूतल्या ध्वनीलहरींसाठी असं क्षितिज बनवून तसलंच प्रारण पाहिल्याचे दावे झाले आहेत. ते मोलाचे आहेत, पण ते खऱ्या कृष्णविवराचं प्रमाण होत नाहीत. नोबेल समितीला मोजमाप लागतं आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

बाकीच्या कामातलं थोडक्यात सांगतो. 1982 मध्ये विश्वाच्या अतिवेगवान प्रसरणातल्या क्वांटम चढउतारांतून पुढे आकाशगंगांची बीजं कशी पडतात हे दाखवणाऱ्यांत ते होते, पण तिथे सोव्हिएत शास्त्रज्ञ त्यांच्या आधी पोचले होते आणि त्याच सुमारास आणखी दोन-तीन गट. 1983 चा हार्टल यांच्याबरोबरचा ‘सीमा नसलेल्या विश्वा’चा, म्हणजे काळाला सुरुवातीची कडाच नाही असा, प्रस्ताव धाडसी आहे, मात्र तो पटलेले आणि न पटलेले असे दोन्ही तट आजही आहेत. त्यानंतरच्या काळात 1974 च्या तोडीचं काही त्यांच्याकडून आलं नाही, असं माझं मत आहे. अखेरच्या वर्षांत परग्रहवासी, यंत्रांची बुद्धी यांवर त्यांची जी विधानं मथळ्यांत झळकायची, त्यांना मी त्यांच्या विज्ञानात धरत नाही.

1976 चा एक प्रश्न मात्र वेगळा काढावा लागेल. कृष्णविवर प्रारण टाकत टाकत संपलं, तर आत पडलेल्या गोष्टींची माहिती कुठे गेली? हॉकिंग म्हणाले, नष्ट झाली. क्वांटम सिद्धांतात हे चालत नाही. जवळजवळ तीस वर्षं ते या मतावर अडून राहिले, अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन प्रेस्किल यांच्याशी पैज लावली आणि 2004 साली डब्लिनमध्ये जाहीरपणे हार मानली. उत्तर चुकलं असेल, पण हा प्रश्न त्यांनीच उभा केला आणि दोन पिढ्यांना कामाला लावलं, त्यात आपल्या मुंबईलाही. कुलाब्याच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत अविनाश धर, गौतम मंडल आणि स्पेंटा वाडिया यांनी 1996 साली स्ट्रिंग सिद्धांतातून (कण हे सूक्ष्म तंतूंची कंपनं आहेत असं मानणाऱ्या) कृष्णविवराच्या शोषणाचं आणि उत्सर्जनाचं गणित केलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजचे अतीश दाभोलकर तिथेच असताना कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीची अचूक मोजदाद करत होते. ते 2019 साली इटलीतल्या आयसीटीपी या सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचे संचालक झाले. जानेवारी 2001 मध्ये टीआयएफआरने भरवलेल्या स्ट्रिंग परिषदेला हॉकिंग स्वतः आले होते. त्यांचा 59 वा वाढदिवस मुंबईतच झाला. शहराला त्यांचं अप्रूप वाटलं ते त्यांच्या खुर्चीमुळे आणि यंत्रातून येणाऱ्या आवाजामुळे, हे खरं आहे. पण त्या परिषदेत जमलेल्यांपैकी अनेकजण त्यांच्याच प्रश्नावर आयुष्य घालवत होते, हेही तितकंच खरं आहे.

आता आजार. क्लासच्या सरांचं एवढं म्हणणं मी मान्य करतो की आजार आणि 1988 चं ते पुस्तक यांच्यावाचून हॉकिंग हे नाव घराघरात पोचलं नसतं. फाउंटनच्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे आजही ते पुस्तक हमखास मिळतं, पेनरोझ शोधावे लागतात. पण घराघरातली कीर्ती आणि विषयातली पत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विषयातली पत 1974 पर्यंत पक्की झाली होती. त्या वर्षी, वयाच्या 32 व्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. 1979 मध्ये न्यूटन आणि डिरॅक ज्या पदावर होते त्या केंब्रिजच्या ल्युकेशियन अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली. पुस्तक आलं त्यानंतर नऊ वर्षांनी. आजारामुळे त्यांच्या गणिताला कुणी सवलतीचे गुण दिले नाहीत, आणि देऊही नयेत. त्याच वेळी, सत्तरच्या दशकात हाताने लांब समीकरणं लिहिणं अशक्य होत चाललं असताना हा माणूस आकृत्यांत आणि भूमितीत विचार करत ते गणित पूर्ण करतो, हे मला डोळ्यांआड करता येत नाही. प्रमेय खरं की खोटं हे यावरून ठरत नाही. माणूस कसा होता हे ठरतं.

आइनस्टाईन यांच्याशी तुलना मी दोन वाक्यांत आटोपतो. आइनस्टाईन यांनी 1905 आणि 1915 मध्ये अवकाश, काळ आणि गुरुत्वाकर्षण यांचा पायाच नव्याने घातला. हॉकिंग यांनी त्या पायावर उभं राहून त्यातून काय काय निघतं हे इतरांपेक्षा खोलवर पाहिलं.

‘अचाट बुद्धी’ हा शब्द तुमच्या प्रश्नात आहे, म्हणून एक सांगतो. 2004 साली एका मुलाखतीत हॉकिंग यांना त्यांचा बुद्ध्यंक विचारला होता. आपल्याला तो माहीत नाही, आणि बुद्ध्यंकाची फुशारकी मारणारे लोक हरलेले असतात, असं ते म्हणाले. वरची सगळी हकिगत पाहिली तर त्यांची ताकद दोन ठिकाणी दिसते: कोणता प्रश्न धरायचा याची पारख, आणि उत्तर स्वतःच्या मताविरुद्ध आलं तरी ते दडपून न टाकता तडीस नेण्याची तयारी. पहिली गोष्ट थोड्यांनाच साधते. दुसरी शिकता येते, आणि चांगल्या वर्गात ती शिकवली जाते.

तेव्हा मुलाला भौतिकशास्त्र घेऊ द्या, पण हॉकिंग होण्यासाठी नव्हे, विषय आवडतो म्हणून. कालिन्याच्या विद्यापीठ परिसरातच अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठाचं मूलभूत विज्ञानाचं केंद्र आहे. तिथला पाच वर्षांचा एकात्मिक एम.एस्सी. अभ्यासक्रम नेस्ट या परीक्षेतून मिळतो. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेची परीक्षा वेगळी, आयएटी नावाची. दोन्हींचे अर्ज भरा. साधी बीएस्सी केली तरी हरकत नाही, पहिल्या वर्षात असताना मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ‘नियस’ उपक्रमासाठी प्रयत्न करता येतो. तिथे मुलांना खऱ्या संशोधकांबरोबर काम मिळतं. आणि आजच काही करायचं असेल तर त्याला सूर्याचं वस्तुमान 2 गुणिले 10 चा 30 वा घात किलोग्रॅम धरून वरच्या सूत्रातून ते तापमान स्वतः काढायला सांगा. सूत्र असं: प्लँकचा स्थिरांक भागिले दोन पाय, गुणिले प्रकाशवेगाचा घन, आणि या सगळ्याला भागायचं 8 पाय, गुरुत्वस्थिरांक, वस्तुमान आणि बोल्ट्झमनचा स्थिरांक यांच्या गुणाकाराने. बारावीच्या पुस्तकात लागणारे सगळे स्थिरांक आहेत.